पार्श्वभूमी : एकात्मिक अहवालावरचा शोधनिबंध तपासताना २०१३ कडे का जावं लागतं

एकात्मिक अहवालावरचा, म्हणजे इंटिग्रेटेड रिपोर्टिंगवरचा (कंपनीच्या नफ्या-तोट्याचा आणि पर्यावरण-समाजाचा हिशेब एकत्र मांडणाऱ्या अहवालावरचा) शोधनिबंध समीक्षेसाठी हाती घेतला की पहिल्या वाचनात तो बहुतेक वेळा पटतो. सहा भांडवलांची, म्हणजे कंपनी ज्यांवर चालते त्या साधनांची, यादी असते, शंभरेक कंपन्यांची आकडेवारी असते, शेवटच्या तक्त्यात संबंध किती पक्का आहे ते सांगणारे तारांकित गुणांक असतात. निष्कर्षही ओळखीचा असतो : असा अहवाल नीट काढणाऱ्या कंपनीचं मूल्य जास्त असतं. जळगाव-धुळ्याकडे वाणिज्य विषयात पीएचडीला बसलेल्यांना अशी समीक्षा कोर्सवर्कमध्ये लिहावी लागते. देशभरात कोर्सवर्क सक्तीचं झालं ते २००९ च्या नियमावलीनं, आणि आधी प्रसिद्ध झालेल्या संशोधनाची तपासणी त्यात घेता येईल असं त्या नियमावलीतच म्हटलं होतं. लिहिल्या जाणाऱ्या बऱ्याच समीक्षा मात्र नमुना लहान आहे, एकाच देशाचा आहे, पुढील संशोधनास वाव आहे, इथपर्यंत येऊन थांबतात. हे आक्षेप खोटे नाहीत. पण ‘मूल्य वाढतं’ म्हणजे कोणाचं वाढतं, हे विचारायचं राहून जातं. या विषयाच्या इतिहासातलं सगळ्यात मोठं भांडण नेमकं त्यावरच झालं आहे.

सुरुवातीचा काळ थोडक्यात सांगता येतो. नफ्या-तोट्याचा आणि पर्यावरण-समाजाचा हिशेब एकाच अहवालात मांडण्याचा प्रयोग २००२ च्या सुमारास डेन्मार्कमधल्या एका एन्झाइम बनवणाऱ्या कंपनीनं आणि ब्राझीलमधल्या एका सौंदर्यप्रसाधनांच्या कंपनीनं केला. तो त्यांनी स्वखुशीनं केला. सक्तीची वाट निघाली दक्षिण आफ्रिकेतून. वर्णभेदाची राजवट १९९४ मध्ये संपली, त्याच वर्षी तिथे कंपन्यांच्या कारभाराची पहिली संहिता आली, २००२ मध्ये दुसरी, २००९ मध्ये तिसरी. या तिसऱ्या संहितेनं एकात्मिक अहवाल मागितला. जोहान्सबर्गच्या शेअर बाजारानं ती संहिता १ मार्च २०१० पासून सुरू होणाऱ्या आर्थिक वर्षांसाठी नोंदणीकृत कंपन्यांना ‘लागू करा, नाहीतर कारण सांगा’ या तत्त्वावर लावली. जगातला या विषयावरचा आकडेवारीचा बराच अभ्यास आजही त्या एका बाजारावर उभा आहे.

ऑगस्ट २०१० मध्ये लंडनमध्ये एक आंतरराष्ट्रीय समिती स्थापन झाली. तिच्या जन्मामागे दोन प्रवाह होते : ब्रिटिश राजघराण्याच्या पुढाकारानं चाललेला शाश्वत लेखांकनाचा प्रकल्प, आणि शाश्वतता अहवालांचे निकष ठरवणारी एक जागतिक संस्था. म्हणजे हवामान, पाणी, माणसं यांचा हिशेब कंपन्यांनी द्यावा ही त्या वेळची भाषा होती. सप्टेंबर २०११ मध्ये चर्चापत्र आलं, एप्रिल २०१३ मध्ये मसुदा, आणि डिसेंबर २०१३ मध्ये अंतिम चौकट, म्हणजे असा अहवाल कसा लिहायचा याचा आराखडा. सहा भांडवलं (वित्तीय, उत्पादित, बौद्धिक, मानवी, सामाजिक-नातेसंबंधांचं आणि नैसर्गिक) सगळ्यांना पाठ असतात, त्यामुळे ती पुन्हा समजावत नाही. थांबायला हवं ते चौकटीच्या पहिल्याच भागातल्या एका वाक्यापाशी.

ते वाक्य सांगतं, की एकात्मिक अहवालाचा प्राथमिक उद्देश वित्तीय भांडवल पुरवणाऱ्यांना, म्हणजे भागधारकांना आणि कर्ज देणाऱ्यांना, कंपनी कालांतरानं मूल्य कसं निर्माण करते हे समजावणं हा आहे. कामगार, ग्राहक, पुरवठादार, गावकरी यांनाही अहवालाचा उपयोग होईल, असं पुढे म्हटलं आहे. पण अहवाल लिहायचा तो पैसा लावणाऱ्यासाठी. चौकट मूल्याचे दोन भाग करते : एक कंपनीचं स्वतःसाठीचं, दुसरं इतरांसाठीचं. इतरांवर होणारा परिणाम अहवालात घ्यायचा तो कंपनीच्या स्वतःच्या मूल्यनिर्मितीच्या क्षमतेवर त्याचा ठळक परिणाम होत असेल तेव्हा. एखाद्या कारखान्यामुळे शेजारच्या विहिरी आटल्या आणि त्याचा कारखान्याच्या धंद्यावर काहीच परिणाम झाला नाही, तर या कसोटीनं त्या विहिरींना एकात्मिक अहवालात जागा मिळतेच असं नाही. शिवाय भांडवलांवरचे सगळे परिणाम आकड्यांत किंवा पैशांत मोजणं हा अहवालाचा हेतू नाही, हेही चौकटीनं स्पष्ट केलं. सहा भांडवलांचं वर्गीकरण जसंच्या तसं वापरायची सक्तीसुद्धा नाही.

या निर्णयावर २०१५ मध्ये लेखांकनाच्या एका नामांकित नियतकालिकात उघड वाद झाला. एका ज्येष्ठ अभ्यासकानं हा सगळा प्रकल्प फसल्याचं म्हटलं : सुरुवात शाश्वततेच्या हिशेबानं झाली, शेवट गुंतवणूकदाराच्या सोयीनं झाला. समितीवर लेखा व्यवसायातल्या आणि बड्या कंपन्यांच्या माणसांचा वरचष्मा होता, असं कारणही त्यानं दिलं. उत्तर देणाऱ्या अभ्यासिकेचं म्हणणं वेगळं होतं. एकात्मिक अहवाल शाश्वतता अहवालाच्या जागी आलेला नाही, तो त्याच्या सोबत आहे. संचालक मंडळाला दीर्घकाळाचा विचार करायला लावणं हे त्याचं काम, आणि गुंतवणूकदाराच्या भाषेत बोलल्याशिवाय मंडळ ऐकत नाही. दुसऱ्या बाजूत तथ्य आहे. पण मला पहिल्या बाजूचा आक्षेप जास्त वजनदार वाटतो, कारण त्यानंतरच्या संशोधनानं कोणता रस्ता धरला ते समोर आहे.

वाचक गुंतवणूकदार ठरला, की अहवाल यशस्वी झाला का याची कसोटी आपोआप शेअरची किंमत होते. म्हणून निबंधामागून निबंध अवलंबी चल म्हणून, म्हणजे ज्यावरचा परिणाम मोजायचा तो आकडा म्हणून, टोबिन्स क्यू घेतात. हे कंपनीच्या बाजारमूल्याचं तिच्या मालमत्तेच्या किमतीशी असलेलं गुणोत्तर. निबंधाच्या प्रस्तावनेत सहा भांडवलांचं मूल्य असतं, तक्त्यात मात्र एकाच भांडवलाचं, वित्तीय भांडवलाचं मूल्य मोजलेलं असतं, आणि निष्कर्षात पुन्हा नुसतं ‘मूल्य’ येतं. शीर्षक, तक्ता आणि निष्कर्ष शेजारी ठेवून ही घसरण दाखवणं, एवढं जरी समीक्षेनं केलं तरी ती कामाची ठरते.

अमळनेरचं उदाहरण इथे आपल्याकडच्या वाचकाला लगेच समजेल. १९४५ च्या अखेरीस वनस्पती तूप करायला तिथे निघालेली कंपनी पुढे संगणकाच्या धंद्यात गेली आणि २००० मध्ये न्यूयॉर्कच्या बाजारात नोंदली गेली. तिचे शेअर पिढ्यान्‌पिढ्या न विकता ठेवलेली घरं अमळनेरात आहेत, आणि त्या शेअरांनी गावाचं काय भलं केलं हे खान्देशात सगळ्यांना ठाऊक आहे. २०१३ च्या चौकटीप्रमाणे अमळनेरच्या त्या घरातली आजी अहवालाची मुख्य वाचक ठरते, कारण तिनं भांडवल लावलं आहे. करारशेतीत पांढरा कांदा लावून तो प्रक्रिया कारखान्याला घालणारा जळगावकडचा शेतकरी मुख्य वाचक ठरत नाही. त्याचं वर्ष कंपनीच्या खरेदीभावावर ठरत असलं तरी त्याचा नंबर ‘इतर’ लोकांत लागतो.

शोधनिबंधातली गुणपत्रिका कशी भरतात तेही जवळून पाहू. शेतमालावर प्रक्रिया करणारी एक नोंदणीकृत कंपनी धरू. संशोधक तिचा अहवाल उघडतो आणि यादीतली एकेक बाब शोधतो. चौकटीत आठ घटक आहेत : संस्थेची ओळख, कारभार, व्यवसायाचा नमुना, जोखमी-संधी, धोरण, कामगिरी, पुढचा अंदाज, आणि मांडणीचा आधार. माहिती सापडली तर १, नसेल तर ०. ‘नैसर्गिक भांडवल : पाण्याचा वापर’ या ओळीसमोर कारखान्यानं उपसलेलं पाणी किलोलिटरमध्ये दिलं असेल तर १ पडतो. हा आकडा कारखान्याच्या कुंपणाच्या आतला असतो. कच्चा माल ज्या शेतांत पिकला तिथलं पाणी त्यात नसतं. रावेर-यावलच्या केळीपट्ट्यात कूपनलिका वर्षागणिक खोल गेल्या, तिथल्या शेतकऱ्याच्या लेखी पाण्याचा प्रश्न हा आहे. गुणपत्रिकेत त्याला रकानाच नाही, आणि १ पडल्यामुळे कंपनीची माहिती पूर्ण धरली जाते. उपस्थिती मोजणारी ही पद्धत आशय मोजत नाही. दोन जणांनी वेगवेगळं गुणांकन करून जुळवून पाहिलं होतं का, हे निबंधात लिहिलेलं असतं. ते शोधावं, आणि ते नसेल तर समीक्षेत सांगावं.

दक्षिण आफ्रिकेवरच्या अभ्यासांची अडचण निराळी. तिथे अहवाल सगळेच काढतात, त्यामुळे ‘काढला की नाही’ हा फरक उरत नाही, दर्जा मोजावा लागतो. बऱ्याच निबंधांनी त्यासाठी एका बड्या लेखापरीक्षण संस्थेची वार्षिक क्रमवारी वापरली, आणि ती क्रमवारी बाजारातल्या सर्वांत मोठ्या शंभर कंपन्यांपुरती असते. २०१७ मध्ये आलेल्या एका बहुचर्चित निबंधानं याच गुणांवरून दाखवलं, की चांगल्या अहवालांचा संबंध शेअरच्या तरलतेशी (तो किती सहज विकला-घेतला जातो याच्याशी) आणि भविष्यातल्या अपेक्षित रोख प्रवाहाशी आहे. भांडवलाच्या खर्चाशी, म्हणजे पैसा लावणारे जो परतावा मागतात त्याच्याशी, मात्र संबंध आढळला नाही. हा निबंध नेटका आहे, निष्कर्षही जपून मांडला आहे. पुढे त्याचा दाखला देणाऱ्यांनी ती जपणूक सोडली आणि ‘एकात्मिक अहवालानं मूल्य वाढतं हे सिद्ध झालं’ असं लिहू लागले. समीक्षकानं मूळ निबंध उघडून पाहावा, दाखल्यावर विसंबू नये.

भारतात घडलेलं बरंचसं गेल्या दीड दशकातलं आहे. २०११ मध्ये केंद्रानं व्यवसायाच्या जबाबदाऱ्यांची ऐच्छिक मार्गदर्शक तत्त्वं दिली. २०१२ मध्ये बाजार नियामकानं (सेबीनं) सर्वांत मोठ्या शंभर कंपन्यांना जबाबदारी अहवाल बंधनकारक केला, पुढे ही संख्या पाचशेवर आणि मग हजारावर गेली. १ एप्रिल २०१४ पासून ठरावीक आकारावरच्या कंपन्यांना सरासरी नफ्याच्या २ टक्के सामाजिक कामावर खर्च करण्याचं कलम लागू झालं. ६ फेब्रुवारी २०१७ च्या नियामकाच्या परिपत्रकानं एकात्मिक अहवाल आला, तोही ऐच्छिक. सर्वांत मोठ्या पाचशे कंपन्यांनी २०१७-१८ पासून तो स्वीकारावा असं सुचवलं गेलं.

या परिपत्रकात एक सवलत होती आणि भारतीय निबंधांचा घोळ तिथून सुरू होतो. माहिती वार्षिक अहवालात वेगळी द्या, व्यवस्थापनाच्या चर्चेच्या प्रकरणात मिसळून द्या, किंवा चौकटीप्रमाणे स्वतंत्र अहवाल काढा, तिन्ही चालेल. मग एखादा संशोधक ‘एकात्मिक अहवाल काढला : १, नाही : ०’ असा चल घेतो तेव्हा तो नेमकं काय मोजतो? मुखपृष्ठावर ‘एकात्मिक’ छापलेला अहवाल, की चौकटीतले आठही घटक असलेला? दोन निबंधांचे निकाल एकमेकांशी जुळत नसतील तर आधी ही व्याख्या तपासावी. ऐच्छिकपणाचाही परिणाम आहे. मुळात चांगली चालणारी, परदेशी गुंतवणूकदार असलेली कंपनीच असा अहवाल काढायला पुढे येते. तिचा टोबिन्स क्यू अहवालामुळे वाढला, की तो वाढलेला होता म्हणून अहवाल निघाला, हे साध्या रिग्रेशननं, म्हणजे दोन गोष्टींतला संबंध आकड्यांनी मोजण्यानं, सुटत नाही.

दुसरी अडचण काळाची. १० मे २०२१ च्या परिपत्रकानं जबाबदारी आणि शाश्वततेचा नवा अहवाल आला, २०२१-२२ ला ऐच्छिक आणि २०२२-२३ पासून सर्वांत मोठ्या हजार कंपन्यांना सक्तीचा. जुलै २०२३ मध्ये त्यातल्या निवडक निर्देशकांवर बाहेरच्या तपासणीची अट आली, पहिल्या टप्प्यात दीडशे कंपन्यांसाठी. म्हणजे २०१७-१८ ते २०२३-२४ अशी सात वर्षं सलग घेणाऱ्या निबंधात सुरुवातीची वर्षं ऐच्छिक अहवालाची, मधली करोनाची आणि शेवटची सक्तीच्या दुसऱ्याच अहवालाची आहेत. यातून एकच गुणांक काढून तो एकात्मिक अहवालाच्या नावे लिहिणं मला मान्य होत नाही.

जागतिक पातळीवरही जमीन सरकली. जानेवारी २०२१ मध्ये चौकट सुधारली आणि मूल्य ‘निर्माण करते’ याच्या जोडीला ‘टिकवते किंवा झिजवते’ हे शब्द आले. टीकेचा तेवढा परिणाम झाला, पण मुख्य वाचक बदलला नाही. त्याच वर्षी जूनमध्ये चौकट काढणारी संस्था दुसऱ्या एका मानक-संस्थेत विलीन झाली, आणि ऑगस्ट २०२२ मध्ये ती एकत्रित संस्था आंतरराष्ट्रीय लेखा मानकांच्या प्रतिष्ठानाखाली गेली. जून २०२३ मधली शाश्वततेची पहिली दोन मानकंही गुंतवणूकदार आणि कर्जदात्यांनाच डोळ्यांसमोर ठेवून लिहिलेली आहेत. युरोपनं २०२२ च्या निर्देशानं उलट बाजू धरली : समाजाचा कंपनीवर होणारा परिणाम आणि कंपनीचा समाजावर होणारा परिणाम, दोन्ही सांगा. निबंध या दोनपैकी कोणत्या बाजूला उभा आहे हे लेखकानं सांगितलेलं नसेल, तर ते समीक्षेत सांगावं लागतं.

पुरवठा साखळीबाबत आपल्याकडचा नियम गेल्या काही वर्षांतच फिरला आहे. २०२३ मध्ये ठरलं होतं, की सर्वांत मोठ्या अडीचशे कंपन्यांनी खरेदी-विक्रीच्या मूल्यात मिळून ७५ टक्के वाटा असलेल्या भागीदारांची माहिती द्यावी. मार्च २०२५ च्या परिपत्रकानं ती ऐच्छिक केली, एक वर्ष पुढे ढकलून २०२५-२६ पासून ठेवली, आणि भागीदार कोणाला म्हणायचं तेही बदललं : खरेदीत किंवा विक्रीत ज्याचा एकट्याचा वाटा २ टक्के किंवा त्याहून जास्त, तो. अडीचशेत बसणारी एखादी कंपनी चोपडा-रावेरच्या शेकडो शेतकऱ्यांकडून माल घेत असेल, तरी त्यांतला एकही शेतकरी एकट्यानं त्या २ टक्क्यांपर्यंत पोचत नाही. पुढे या माहितीवर निबंध लिहिले जातील तेव्हा त्यांच्या ‘पुरवठा साखळी’ या रकान्यात मोठा व्यापारी आणि मोठा वितरक असेल, कांदा आणि केळी पिकवणारा नसेल.