नागपूरचं ऊन आणि इंजिन ऑइलचा जाडपणा

मे महिन्यात नागपुरात गाडीचं ऑइल बदलायला गेलं, की गॅरेजमध्ये एक सल्ला हमखास मिळतो. "भाऊ, इथलं ऊन पाहून राहिले ना तुम्ही? हे पातळ ऑइल नका टाकू, जाडच टाका." गाडीच्या पुस्तिकेत ०डब्ल्यू-२० किंवा ५डब्ल्यू-३० छापलेलं असतं आणि समोर येतो २०डब्ल्यू-५०चा डबा. मिस्त्री फसवत असतो असं मुळीच नाही. पंचेचाळीस अंशांत रस्त्यावरचं डांबर मऊ पडतं, तर इंजिनाच्या तळाच्या चेंबरमधलं ऑइल पाण्यासारखं पातळ होणारच, असं त्याला मनापासून वाटतं. ॲम्बेसेडर आणि पद्मिनीवर ज्यांचा हात बसला त्यांच्याकडून तो हे शिकलेला असतो, आणि त्या इंजिनांना जाड ऑइल मानवतही होतं.

पण आजच्या गाडीत ऑइल किती तापेल हे ऊन ठरवत नाही, इंजिन ठरवतं.

२३ मे २०१३ रोजी नागपूरचा पारा ४७.९ अंशांवर गेला होता. हवेच्या दृष्टीने हा आकडा भयंकर आहे, इंजिनाच्या दृष्टीने मात्र किरकोळ. इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाची, म्हणजे कूलंटची, रेडिएटरकडे जाणारी वाट थर्मोस्टॅट हा झडपेसारखा भाग अडवून धरतो आणि कूलंट साधारण ८० ते ९० अंशांवर पोचल्यावरच ती मोकळी करतो. जानेवारीत तो वाट उशिरा उघडतो, मेमध्ये लवकर. त्यामुळे गाडी गरम झाली की दोन्ही ऋतूंत कूलंटचं तापमान जवळपास सारखंच राहतं. ऑइल त्याच्यापेक्षा थोडं जास्त, म्हणजे ९० ते ११० अंशांच्या आसपास असतं. एसी लावून, पाच माणसं आणि सामान भरून चढ चढताना ते आणखी वर जातं, आणि उन्हाळ्यात रेडिएटरला उष्णता बाहेर टाकायला जास्त कष्ट पडतात हेही खरं. पण कंपनी इंजिन बनवताना हा भार धरूनच चालते.

आता याच गोष्टीची दुसरी बाजू पाहा. ५डब्ल्यू-३० ऑइलची श्यानता, म्हणजे वाहण्याला होणारा त्याचा विरोध, १०० अंशांना सुमारे १० ते ११ सेंटिस्टोक (हे श्यानता मोजायचं एकक) असते आणि ४० अंशांना सुमारे ६०. म्हणजे मेच्या दुपारी सावलीत उभ्या गाडीला चावी लावता, तेव्हाही तिचं ऑइल चालत्या इंजिनातल्यापेक्षा पाच-सहा पट घट्ट असतं. नागपूरचा उन्हाळासुद्धा इंजिनासाठी थंडच आहे! त्याच तापमानाला २०डब्ल्यू-५० सुमारे १६० सेंटिस्टोकचं असतं. डिसेंबरच्या पहाटे पारा दहापर्यंत उतरला, की ते ५डब्ल्यू-३०च्या साधारण चौपट घट्ट होतं. सुरू होतानाच्या त्या पहिल्या काही क्षणांत पंपाला हे ऑइल चेंबरमधून ओढून थेट वरच्या, व्हॉल्व्ह उघडणाऱ्या कॅमशाफ्टपर्यंत पोचवायचं असतं. इंजिनाची झीज होते त्यातला बराच वाटा याच वेळचा असतो.

डब्यावरच्या आकड्यांचा अर्थ आता सोपा होईल. डब्ल्यू म्हणजे विंटर, हिवाळा. त्याच्या आधीचा आकडा थंडीतली परीक्षा सांगतो: ५डब्ल्यू ऑइलने उणे ३० अंशांतही इंजिन फिरू द्यायला हवं, ०डब्ल्यूने उणे ३५ अंशांत. लेह-लडाखला जाणाऱ्यांसाठी हा फरक मोलाचा आहे, इथे ०डब्ल्यू आणि ५डब्ल्यू यांवरून फार डोकं शिणवायची गरज नाही. आपल्यासाठी निर्णायक आकडा दुसरा. तो १०० अंशांवरची श्यानता सांगतो: ३० म्हणजे ९.३ ते १२.५ सेंटिस्टोक, ४० म्हणजे १२.५ ते १६.३. शिवाय १५० अंशांवर, ऑइल जोरात घासलं जात असताना ते किमान किती घट्ट राहिलं पाहिजे, हेही त्याच आकड्यात बांधलेलं आहे. म्हणजे नागपूरच्या उन्हाच्या तिप्पट तापमानाला ही परीक्षा आधीच घेतलेली असते.

ऑइल जाड असेल तर बिघडलं कुठे, हे समजायला एक जुना प्रयोग फार उपयोगी आहे. १८८०च्या दशकात इंग्लंडमध्ये बोशँप टॉवर हे इंजिनिअर रेल्वेच्या चाकांचे आस ज्यांत फिरतात ती बेअरिंगं तपासत होते. ऑइल सोडण्यासाठी त्यांनी बेअरिंगच्या माथ्यावर एक भोक पाडलं. आस फिरू लागताच त्या भोकातून ऑइल आत जाण्याऐवजी उलट बाहेर येऊ लागलं. त्यांनी बूच ठोकलं, ते वर ढकललं गेलं. लाकडी खुंटी ठोकली, तीही निघाली. मग दाबमापक लावला, तर त्याचा काटा कमाल मर्यादेपलीकडे गेला. फिरणारा आस स्वतःच ऑइलला अरुंद फटीत ओढतो, तिथे प्रचंड दाब तयार होतो आणि त्या दाबावर आस अक्षरशः तरंगतो. याचं गणित ऑसबर्न रेनॉल्ड्स यांनी १८८६मध्ये मांडलं आणि आजही इंजिनाची बेअरिंगं त्याच पायावर आखली जातात.

तुमच्या गाडीचा क्रँकशाफ्ट, म्हणजे पिस्टनच्या जोरावर फिरणारा इंजिनाचा मुख्य दांडा, हाही असाच तरंगतो. ऑइलच्या त्या थराची जाडी मिलिमीटरच्या हजाराव्या भागांत मोजावी लागते. ती तीन गोष्टींवर ठरते: शाफ्टचा वेग, त्याच्यावरचा भार आणि ऑइलची श्यानता. ऑइल ठरल्यापेक्षा पातळ घेतलं तर थर तुटतो आणि धातूला धातू लागतो. ठरल्यापेक्षा जाड घेतलं तर थर तुटत नाही, पण ते घासलं जाताना स्वतःच जास्त तापतं, पंपाचा भार वाढतो, मायलेज उतरतं. शिवाय ऑइलच्या दाबावर चालणारे आजचे नाजूक भाग, म्हणजे व्हॉल्व्हची वेळ बदलणारी यंत्रणा किंवा व्हॉल्व्हजवळची फट आपोआप भरून काढणारे हायड्रॉलिक टॅपेट, वेळेवर हलत नाहीत. ऊन आहे म्हणून जाड ऑइल टाकून आपण इंजिनातली उष्णता वाढवतो, हे मला फार खटकतं.

एकच ऑइल थंडीतही वाहतं आणि गरम झाल्यावरही टिकतं, याचं श्रेय त्यातल्या लांबलचक पॉलिमर रेणूंना. थंडीत ते लोकरीच्या गुंड्यासारखे आवळून बसतात, तापले की पसरतात आणि ऑइलचं पातळ होणं रोखून धरतात. वापरात हे रेणू तुटत जातात. ऑइल ठरावीक काळाने बदलावं लागण्याचं हे एक कारण. दुसरं मोठं कारण ऑक्सिडेशन, म्हणजे ऑक्सिजनशी संयोग होऊन ऑइल खराब होणं. ढोबळ नियम असा, की तापमान दहा अंशांनी वाढलं की ऑइल खराब होण्याचा वेग साधारण दुप्पट होतो. समृद्धी महामार्ग ७०१ किलोमीटरचा आहे आणि कारला ताशी १२० किलोमीटरची मुभा आहे. उन्हाळ्यात त्यावर तासन्‌तास त्याच वेगाने धावणाऱ्या गाडीत सिंथेटिक ऑइलच घालावं, असं माझं स्पष्ट मत आहे. ते उष्णतेला जास्त काळ तोंड देतं. पुस्तिकेत दोन ग्रेड दिलेल्या असतील, समजा ५डब्ल्यू-३० आणि ५डब्ल्यू-४०, तर अशा वापरासाठी ४० जरूर निवडा. ती मुभा कंपनीनेच दिलेली असते.

आकड्यांइतकंच महत्त्वाचं, पण कुणी फारसं न बघणारं, म्हणजे डब्याच्या मागचा एपीआयचा, म्हणजे अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूटचा, गोल शिक्का. पेट्रोल गाड्यांसाठी एसपी हा दर्जा २०२०मध्ये आला. छोट्या टर्बो इंजिनांत कमी वेगावर जोर दिला, की कधीकधी इंधन ठिणगीच्या आधीच पेट घेतं आणि पिस्टन फुटू शकतो. ऑइलमधली काही कॅल्शियमयुक्त रसायनं याला हातभार लावतात, म्हणून एसपीची कृती त्या दृष्टीने बदलली आहे. एक लिटरच्या टर्बो गाडीत जुन्या दर्जाचं ऑइल घालून पैसे वाचवू नयेत. बीएस-६ डिझेल गाडीत काळजी वेगळी: धुरातली काजळी अडवणारा फिल्टर. काजळी जळून जाते, पण ऑइलमधल्या धातूंची राख जळत नाही, ती त्या फिल्टरमध्ये कायमची साचते. अशा गाडीला कमी राखेचंच ऑइल हवं, आणि पुस्तिकेत त्याचा एसीईए (युरोपातल्या गाडी-उत्पादकांची संघटना) दर्जा, उदाहरणार्थ सी-३, लिहिलेला असतो. तो जुळत नसेल तर डबा कितीही महागडा असो, परत करा.

बदलायचं कधी? धरमपेठेतून सीताबर्डीपर्यंत जायचं, गाडी बंद करायची, परत यायचं, एवढाच वापर असेल तर किलोमीटर कमी दिसतात, पण ऑइलचे हाल जास्त होतात. इंजिन पूर्ण तापतच नाही. आत साचलेलं पाणी आणि ऑइलमध्ये उतरलेलं पेट्रोल उडून जात नाही. बहुतेक पुस्तिकांत अशा वापरासाठी आणि धुळीसाठी मुदत कमी केलेली असते. काँक्रीटच्या रस्त्यांची कामं चालू असलेल्या भागात राहत असाल तर ती कमी मुदतच धरा, आणि ऑइलसोबत ऑइल फिल्टरही बदला. एअर फिल्टर उघडून बघा. डिझेल गाडीत नवं ऑइल थोड्याच दिवसांत काळं पडतं, त्याला घाबरू नका. त्यातली रसायनं काजळी धरून ठेवतात, ते त्यांचं कामच आहे.

पुस्तिका हरवली असेल तर कंपनीच्या संकेतस्थळावर ती मिळते, आणि अनेक गाड्यांत ऑइल भरायच्या झाकणावरही ग्रेड छापलेली असते. मिस्त्रीला ते झाकण दाखवा, म्हणजे वादच नको. डबा तुमच्यासमोर उघडायला सांगा. भरून झाल्यावर इंजिन दोन मिनिटं चालवा, बंद करा, पाचेक मिनिटं थांबा, सपाट जागी डिपस्टिक पुसून पुन्हा घाला आणि पातळी दोन खुणांच्या मध्ये, वरच्या खुणेजवळ आहे का ते बघा. खुणेच्या वर गेली असेल तर जास्तीचं काढायला लावा, कारण फिरणारा क्रँक त्यात बुडून ऑइलचा फेस करतो आणि फेस पंपाला नीट ओढता येत नाही.