मारा कॉन्झर्वन्सीला जाताना बॅग कुठली घ्यावी?

केनियाचं बुकिंग पक्कं झालं की फोनवर एक प्रश्न हमखास येतो : "मुंबई-नैरोबी विमानात मोठ्या बॅगा चालतात, मग पुढे माराच्या छोट्या विमानात १५ किलोच का?"

नैरोबीत उतरल्यावर आपण गाडीने विल्सन विमानतळावर जातो. तिथून मारा म्हणजे मसाई मारा या वन्यप्राण्यांच्या प्रदेशातल्या धावपट्टीपर्यंत साधारण पाऊण तासाचं उड्डाण, बहुधा १२-१३ सीटांच्या सेसना कॅरॅव्हॅनमधून. सामान जातं विमानाच्या पोटाखालच्या बुटक्या कप्प्यात. मऊ डफल बॅग तिथे दाबून बसवता येते. कडक कवचाची, चाकांची बॅग रिकामी असली तरी घेत नाहीत. शिवाय मारा समुद्रसपाटीपासून दीड हजार मीटरवर आहे. हवा विरळ आणि धावपट्टी कच्ची, त्यामुळे वजनाला फार महत्त्व. १५ किलोंत पर्स आणि कॅमेराही धरतात.

इतकं सांगूनही दर मोसमात कोणीतरी चाकांची बॅग आणतंच. मग काउंटरसमोर फरशीवर बॅग उघडायची, कुर्ते एकीकडे, चिवड्याचे डबे दुसरीकडे, आणि तिकडे विमानाची वेळ झालेली. ते चुकलं तर रस्त्याने पाच-सहा तास लागतात आणि संध्याकाळची सफारी बुडते. तिचे पैसे परत मिळत नाहीत.

खरं तर एवढे कपडे लागतच नाहीत. आम्ही निवडतो त्या लॉजवर कपडे धुऊन मिळतात. तीन जोड आणि एक जाड स्वेटर घ्या, पहाटे उघड्या गाडीत चांगलीच थंडी वाजते. शाकाहारी किंवा जैन जेवण आम्ही आधीच कळवून ठेवतो, म्हणून फराळ बेतानेच. तोही डब्यात, कारण केनियात २०१७ पासून प्लॅस्टिकच्या पिशव्यांवर बंदी आहे. लॉजच्या तंबूत खाणं उघडं ठेवू नका. चेन उघडणं माकडांना चांगलं जमतं.

"कॉन्झर्वन्सीऐवजी रस्त्याने जाऊन मसाई माराच्या राखीव क्षेत्रात राहिलो तर स्वस्त पडेल ना?" पडेल. पण कॉन्झर्वन्सी म्हणजे राखीव क्षेत्राशेजारची खासगी वन्यजीव-जमीन. नाबोइशो किंवा ओलारे मोतोरोगी या कॉन्झर्वन्सींची जमीन स्थानिक मसाई कुटुंबांची आहे आणि तिचं भाडं त्यांना मिळतं. तंबू मोजकेच, सिंहाभोवती गाड्यांची गर्दी नाही. राखीव क्षेत्रात न मिळणारी रात्रीची सफारी आणि वाटाड्याबरोबरची पायी फेरीही इथे करता येते. म्हणून आम्ही कॉन्झर्वन्सीचाच आग्रह धरतो.

बुकिंगसोबत प्रत्येकाला आमच्याकडून एक डफल बॅग मिळते. निघण्याच्या आठवडाभर आधी ती भरून ऑफिसात आणा, काट्यावर तोलून देतो. मोठी बॅग नैरोबीच्या हॉटेलात ठेवायची सोय आहे. मोठ्या लेन्सा नेणाऱ्यांनी आधी सांगावं, सामानासाठी जादा सीट विकत घेता येते. ऐनवेळी विल्सनवर ती मिळेलच असं नाही.

आणि पीतज्वराची लस निघण्याच्या किमान १० दिवस आधी घ्या. तिचं पिवळं कार्ड पासपोर्टसोबतच ठेवा, परतताना मुंबईत दाखवावं लागतं.