‘कामगार’ शब्दाची फोड

महात्मा फुल्यांचा ‘शेतकऱ्याचा असूड’ (1883) वाचताना आजचा वाचक एका शब्दापाशी हमखास अडखळतो. तिथे ‘गोरे कामगार’ भेटतात, ‘भट कामगार’ भेटतात, पण ते कुठल्या गिरणीत राबत नाहीत. ते सरकारी अधिकारी आहेत. त्या काळी कामगार म्हणजे कामाची अखत्यारी हातात असलेला अंमलदार. 1928 साली मुंबईत गिरणी कामगार युनियन स्थापन झाली, तोवर हा शब्द कचेरीतून निघून साच्याशेजारी येऊन उभा राहिला होता.

अर्थ असा बदलला तरी शब्दाची घडण जुनीच आहे: काम + गार.

आधी ‘काम’. संस्कृत ‘कर्म’चं प्राकृतात ‘कम्म’ झालं आणि मराठीत ‘काम’. यात मात्रांचा हिशेब आहे. ‘कम्म’मधलं पहिलं अक्षर जोडाक्षरामुळे दोन मात्रांचं. दोन म-पैकी एक गळला की एक मात्रा कमी पडते. ती भरून काढायला ‘क’चा ‘का’ होतो. पंजाबीने ही पायरी ओलांडली नाही, म्हणून तिथे आजही ‘कम्म’च म्हणतात. नियम खरा असेल तर तो इतर शब्दांतही दिसला पाहिजे, आणि दिसतोही: हस्त–हत्थ–हात, सप्त–सत्त–सात, घर्म–घम्म–घाम. (घर्म म्हणजे उष्णता, मराठीने तो शब्द उष्णतेने अंगावर येणाऱ्या पाण्याला दिला.)

इथे एक चूक वारंवार होते. संस्कृतात इच्छा या अर्थाचा ‘काम’ आहेच, मग मराठी काम त्यातूनच आलं असं वाटतं. उच्चार तंतोतंत जुळतो, आणि नेमकं तेच संशयास्पद आहे. दोन स्वरांमधला एकटा ‘म’ मराठीपर्यंत येता येता ‘व’ होतो: ग्राम–गाव, नाम–नाव. इच्छावाचक ‘काम’ लोकांच्या तोंडून झिजत आला असता तर त्याचाही ‘म’ असाच गेला असता. आपल्या कामाचा ‘म’ टिकला, कारण प्राकृतात तो जोडीने होता. कामना, कामदेव हे शब्द संस्कृतातून जसेच्या तसे उचललेले.

फारसीत तर ‘कामगार’ असा अख्खा शब्दच आहे. पण त्याचा अर्थ इच्छा पुरी झालेला, भाग्यवान. त्यातला ‘काम’ संस्कृतातल्या इच्छेच्या ‘काम’चा भाऊबंद. केवळ दिसण्यावरून व्युत्पत्ती लावली की माणूस अशा ठिकाणी फसतो.

‘गार’ हा प्रत्यय मात्र फारसीच: गुन्हेगार, मदतगार, खिदमतगार. तो प्राचीन इराणी ‘कर’ या धातूपासून आला, आणि तो धातू म्हणजे संस्कृत ‘कृ’चा सख्खा भाऊ. म्हणजे ‘कामगार’चे दोन्ही तुकडे ‘करणे’ या एकाच मुळाचे. एक प्राकृतातून चालत आला, दुसरा इराणातून फिरून. मला या शब्दातली ही गोष्ट सर्वांत सुंदर वाटते. कुंभकाराचा ‘कुंभार’ होताना मराठीत जो ‘क’ पुसला गेला, तोच फारसीत मऊ होऊन ‘ग’ झाला.

‘कारकून’चंही तेच. ‘कार’ म्हणजे काम, ‘कुन’ म्हणजे करणारा. हा ‘कुन’ वैदिक ‘कृणोति’च्या घरातला, म्हणजे इथेही दोन्हीकडे ‘कृ’च.

‘मजूर’ वेगळ्या वाटेचा. त्यात कामाचा उल्लेखच नाही. फारसी ‘मुज्द’ म्हणजे मोबदला. ‘मज्दूर’ म्हणजे तो घेऊन जाणारा. मराठीत मधला ‘द’ गळला. ग्रीकमधला ‘मिस्थोस’, म्हणजे वेतन, हा त्या मुज्दचा दूरचा नातलग, आणि ऋग्वेदात बक्षिसाला आलेला ‘मीढ’ हाही त्याच कुळातला.