रम चालते तर भांग का नाही? सुभेदार काकांचा प्रश्न

शिवरात्रीला आमच्या सुदामा नगरात ठंडाई वाटतात, एक साधी आणि एक भांगेची, दोन वेगळ्या लाइनी असतात आणि कोण कुठल्या लाइनीत उभा आहे हे सगळी कॉलनी बघत असते. शेजारचे सुभेदार काका फौजेत होते, महूहून रिटायर झालेले, ते साध्या लाइनीत. मी गमतीत म्हटलं, काका आता तर घ्या, आता कोण विचारणार तुम्हाला. तर म्हणाले, "26 वर्षं कॅन्टीनची रम प्यायलो रे, ती चालते, आणि ही महादेवाची पानं चालत नाहीत, असं का ते सांग, तू फार्मसी शिकलास ना?"

घ्या, आता ठंडाई राहिली बाजूला.

आधी कायद्याचं उरकतो. आपल्याकडे 1985 चा एनडीपीएस म्हणजे नशेच्या पदार्थांचा कायदा गांजा म्हणजे भांगेच्याच झाडाचे फुलं-फळं आलेले शेंडे आणि चरस म्हणजे त्याचा चीक, ह्या दोन्हीला बंदी घालतो, पण नुसती पानं त्यात येत नाहीत, म्हणून तर मध्य प्रदेशात भांगेची लायसनवाली दुकानं चालतात. फौजेचं वेगळं. आर्मी अ‍ॅक्ट 1950 चं कलम 48 म्हणतं की जवान नशेत सापडला तर तो गुन्हा, मग ड्यूटीवर असो नाहीतर नसो. म्हणजे रम प्यायला हरकत नाही पण रमने झिंगायला आहे. काका म्हणाले हे मला पाठ आहे, पुढचं सांग.

पुढचं म्हणजे चरबी. दारू पाण्यात विरघळते, अंगभर पसरते आणि लिव्हर तिला जवळजवळ ठरलेल्या स्पीडने जाळत राहतं, त्यामुळे रात्री किती पेग घेतले आणि सकाळी किती वाजता परेड आहे ह्याचा हिशोब निदान मांडता तरी येतो. गांजा-भांगेतलं नशेचं द्रव्य म्हणजे टीएचसी (1964 मध्ये इस्रायलमध्ये राफाएल मेशूलम आणि येहिएल गाओनी ह्यांनी ते शुद्ध स्वरूपात वेगळं काढलं) ते पाण्याला विचारत नाही, चरबीत जाऊन बसतं. भांग दुधात, मलईत, तुपात का करतात हे आपल्या लोकांना टीएचसी नाव माहीत नसतानाच कळलं होतं म्हणायचं! आणि मग ते चरबीतून हळूहळू, दिवसचे दिवस रक्तात पाझरत राहतं. रोज ओढणाऱ्याच्या लघवीत त्याचा अवशेष महिनाभरानेही सापडू शकतो.

खरी गोची इथेच आहे. लघवीच्या टेस्टमध्ये नशा सापडत नाही, नशेचा कचरा सापडतो. गेल्या महिन्यात सुट्टीवर रोज घेतलेला आणि आत्ता पहाऱ्यावर झिंगलेला, दोघंही पॉझिटिव्ह येऊ शकतात. दारूसाठी फुंकून घ्यायचं मशीन आहे, आकडा सरळ रक्ताशी जुळतो, गांजाचा आकडा आणि डोक्यातली धुंदी ह्यांचं असं जमत नाही.

बरं मग ज्याचा त्यालाच कळेल ना तो ठीक आहे की नाही? ते पण नाही. 1991 मध्ये अमेरिकेत 9 पायलटना 20 मिलिग्रॅम टीएचसीची सिगरेट ओढायला देऊन सिम्युलेटरवर विमान उडवायला लावलं. 24 तासांनंतरही 9 पैकी 7 जणांच्या उडवण्यात थोडीफार गडबड होती, आणि आपल्यावर काही असर आहे असं वाटलं फक्त एकाला. प्रयोग छोटा आहे, त्याच टीमच्या आधीच्या एका प्रयोगात 24 तासांनी असं दिसलंही नव्हतं, त्यामुळे मी ह्यावर पैज लावणार नाही. पण पायलटला स्वतःलाच पत्ता नाही, हे मला झोप उडवणारं वाटतं.

कारण मेंदूत आहे. टीएचसी ज्या रिसेप्टरला (म्हणजे पेशीवरच्या खाचेला) चिकटतं तो सीबी1, तो आठवणींच्या भागात आणि तोल सांभाळणाऱ्या लहान मेंदूत ठासून भरलेला असतो. श्वास चालवणाऱ्या भागात मात्र फार कमी, म्हणून अफूसारखा गांजाने श्वास थांबत नाही. आपलं शरीर ह्याच रिसेप्टरसाठी स्वतः एक द्रव्य बनवतं, ते 1992 ला सापडलं आणि त्याचं नाव चक्क संस्कृत आनंदवरून आनंदामाइड ठेवलं.

अमेरिकन फौजेत सक्त बंदी आहे आणि तिच्या मागे 26 मे 1981 ची रात्र आहे. निमिट्झ ह्या विमानवाहू जहाजावर उतरताना एक विमान कोसळलं, 14 जण गेले, आणि डेकवरच्या मेलेल्या काही लोकांच्या शरीरात गांजा सापडला. बोंबाबोंब झाली आणि झीरो टॉलरन्स आलं, म्हणजे अजिबात माफी नाही. गंमत म्हणजे पायलटच्या रक्तात सर्दीच्या औषधाचं प्रमाण जास्त होतं, ते आता कुणाला आठवत नाही.

मला कॅनडाचं पटतं. तिथे 2018 ला गांजा कायदेशीर झाला तेव्हा फौजेने सरसकट हो किंवा नाही न म्हणता कामाप्रमाणे तास ठरवले. ड्यूटीच्या आधी 8 तास नाही, भरलेलं हत्यार हाताळायचं तर 24 तास, आणि विमान, पाणबुडी, खोल पाण्यात बुडी असं काम असेल तर 28 दिवस. 28 दिवस म्हणजे जवळजवळ नाहीच, पण निदान कुठल्या कामासाठी ते तरी सांगितलं. आपल्याकडे हे आणा असं मी म्हणत नाही, जोवर धुंदी मोजणारं मशीन नाही तोवर बंदूक हातात असलेल्या माणसाला मनाईच बरी. पण महिन्यापूर्वी घेतल्याच्या एका पॉझिटिव्हवर कुणाची नोकरी जाणं हेही मला सायन्स वाटत नाही.

काका बराच वेळ गप्प होते, मग हळूच म्हणाले, "आणि झोप? आमच्या युनिटचा एक जण आहे, रात्री दचकून उठतो अजून. कोणीतरी त्याला सांगितलं गांजाने झोप येते."

येते, सुरुवातीला येते. टीएचसी स्वप्नांची झोप कमी करतं म्हणून वाईट स्वप्नंही कमी पडतात, पण सवय लागून मग सोडलं की तीच स्वप्नं जोरात परत येतात. 2021 मध्ये अमेरिकेत एक ट्रायल छापून आली, पीटीएसडी (म्हणजे भयानक प्रसंगाचा मनावर बसलेला धक्का) असलेले 80 माजी सैनिक, काहींना खरा गांजा, काहींना टीएचसी काढून टाकलेला. बरं सगळ्यांनाच वाटलं, खोटावाल्यांनाही, दोघांत ठळक फरक काही निघाला नाही.

"म्हणजे त्याला डॉक्टरकडेच न्यावं लागेल," काका म्हणाले, "पण तो येत नाही ना." आणि ग्लास तसाच हातात धरून फोनमध्ये त्याचा नंबर शोधायला लागले.