जोहान्सबर्गने पाणी विकत घेतलं तेव्हा

1886 साली दक्षिण आफ्रिकेतल्या विटवॉटर्सरँड डोंगररांगेवर सोन्याचा थर सापडला आणि बघता बघता माळरानावर जोहान्सबर्ग उभं राहिलं. मोठ्या शहराजवळ एखादी नदी असते किंवा बंदर असतं. इथे दोन्ही नव्हतं. होतं ते खडकातलं सोनं, आणि पाण्याशिवाय ते हाती लागत नव्हतं.

इथलं सोनं नदीच्या वाळूत चमकणाऱ्या कणांसारखं नाही. ते गोट्यांच्या कठीण खडकात इतकं बारीक विखुरलेलं असतं की टनभर खडकातून काही ग्रॅमच मिळतं. म्हणून खडकाचं पीठ करावं लागे. स्टॅम्प मिलमध्ये लोखंडी मुसळं रात्रंदिवस खडक कुटत आणि त्यावर सतत पाणी सोडलेलं असे. तो पातळ चिखल पारा लावलेल्या तांब्याच्या पत्र्यांवरून वाहत जाई आणि सोनं पाऱ्याला चिकटून राही. 1890 पासून सायनाइडची पद्धत आली. सायनाइडचं सौम्य द्रावण हवेतल्या ऑक्सिजनच्या मदतीने सोनं विरघळवतं आणि मग जस्त घालून ते परत मिळवतात. म्हणजे पुन्हा पाणीच. वाफेच्या इंजिनांच्या बॉयलरना पाणी लागे ते वेगळं, आणि हजारो मजुरांना प्यायला लागे ते आणखी वेगळं.

आता या जागेचा भूगोल पाहा. जोहान्सबर्ग साधारण 1,750 मीटर उंचीवर, थेट जलविभाजकावर बसलेलं आहे. उत्तर उतारावरचा पाऊस लिंपोपो नदीतून हिंदी महासागराला मिळतो, दक्षिण उतारावरचा वाल आणि ऑरेंज नद्यांतून अटलांटिकला. पाऊस कमी पडतो असं नाही, तो साधारण पुण्याइतका, वर्षाला 700 मिलिमीटरच्या आसपास आहे. पण माथ्यावर पडलेलं पाणी दोन्हीकडे निघून जातं. कठीण क्वार्टझाइट खडकात ते मुरत नाही, त्यामुळे झरे होते तेही लहान.

या टंचाईत धंदा दिसला नसता तरच नवल. जोहान्सबर्ग तेव्हा ट्रान्सवाल या राज्यात होतं आणि तिथे बोअर लोकांचं, म्हणजे मुख्यतः डच वंशाच्या वसाहतवाल्यांचं सरकार होतं. त्या सरकारने पाणीपुरवठ्याचा मक्ता जेम्स सिव्हराइट यांना दिला. त्यातून जोहान्सबर्ग वॉटरवर्क्स कंपनी निघाली आणि पुढे ती हिऱ्यांच्या व्यापारातले बडे असामी बार्नी बार्नाटो यांच्या ताब्यात गेली. डोर्नफोंटेनच्या झऱ्यावर कंपनीने सुरुवात केली, पण शहराची वाढ झऱ्याला झेपणारी नव्हती. इतरही काही खासगी मंडळी पाण्याचे हक्क धरून होती, आणि मोठ्या खाणी आपापले बंधारे बांधून काम भागवत होत्या.

मला यातली खरी अडचण नफेखोरीपेक्षा मोठी वाटते. दहा-वीस किलोमीटर दूरचं पाणी आणायला आज खर्च करायचा, आणि त्याचा उपयोग पुढची पन्नास वर्षं होणार. भागधारकांना दरवर्षी लाभांश देणारी कंपनी एवढं लांबचं कशाला पाहील?

1902 मध्ये ब्रिटिश आणि बोअर यांच्यातलं युद्ध संपलं, ट्रान्सवाल ब्रिटिशांकडे आलं आणि 1903 मध्ये कायद्याने रँड वॉटर बोर्ड (रँड म्हणजे विटवॉटर्सरँड) ही सार्वजनिक पाणीपुरवठा संस्था स्थापन झाली. बोर्डाने खासगी कंपन्यांच्या विहिरी, पंप, जलवाहिन्या आणि हक्क भरपाई देऊन ताब्यात घेतले आणि 1905 पासून पुरवठा हाती घेतला. कर्ज काढायचं, ते पाणीपट्टीतून फेडायचं आणि नफा कमवायचा नाही, असा तो हिशेब होता. बोर्डावर नगरपालिकांबरोबर खाणमालकांच्या संघटनेचेही प्रतिनिधी होते. ज्या मजुरांच्या घामावर खाणी चालत, त्यांचा मात्र तिथे कुणीच नव्हता. 1904 मध्ये याच शहरातल्या भारतीय लोकांच्या वस्तीत प्लेग शिरला आणि गांधीजींनी रुग्णांची शुश्रूषा केली. तिथली दाटी आणि सफाईची हेळसांड पाहिली की शहरात नळ असणं आणि तो सगळ्यांपर्यंत पोचणं यातलं अंतर समजतं.

बोर्डाच्या हाती आलेली सर्वांत मोलाची गोष्ट जमिनीखाली होती. शहराच्या दक्षिणेला आणि नैऋत्येला डोलोमाइट हा चुनखडीसारखा खडक पसरलेला आहे. पावसाचं पाणी हवेतला आणि मातीतला कार्बन डायऑक्साइड घेऊन किंचित आम्लधर्मी होतं आणि लाखो वर्षांत डोलोमाइट विरघळवत जातं. खडकात भेगा रुंदावतात, पोकळ्या होतात आणि त्या पाण्याने भरतात. झूरबेकोमच्या आणि क्लिप नदीच्या खोऱ्यातल्या विहिरी याच साठ्यावर होत्या. पाणी स्वच्छ आणि भरपूर, पण अमर्याद नव्हे.

म्हणून 1914 च्या कायद्याने बोर्डाला वाल नदीतून रोज 2 कोटी गॅलन, म्हणजे सुमारे 9 कोटी लिटर पाणी घेण्याची परवानगी मिळाली. 1923 मध्ये नदीवर बराज, म्हणजे दरवाजे असलेला बंधारा, पूर्ण झाला आणि 1938 मध्ये त्याच्या वरच्या अंगाला वाल धरण. पण नदी खाली आणि शहर वर! पाणी साधारण 350 मीटर चढवायचं, तर एक हजार लिटरला, पंपात काहीच वाया जात नाही असं धरलं तरी, जवळपास एक युनिट वीज लागते. असा उपसा वर्षानुवर्षं चालवायचा, तर एकच मजबूत सार्वजनिक संस्था हवी.

डोलोमाइटची दुसरी बाजू नंतर समोर आली. पश्चिमेकडच्या नव्या खाणींत हेच भूजल शिरू लागलं. खाणी कोरड्या ठेवण्यासाठी ते प्रचंड प्रमाणात उपसण्यात आलं, तेव्हा झरे आटले आणि पोकळ्यांवरच्या मातीचा आधार गेला. डिसेंबर 1962 मध्ये वेस्ट ड्रीफोंटेन खाणीतला खडक फोडण्याचा कारखाना अचानक उघडलेल्या विवरात गडप झाला. 29 माणसं गेली.

आज त्या भागात डोलोमाइटवर घर बांधायचं, तर आधी जमिनीची भूवैज्ञानिक तपासणी करावी लागते. पाण्याची पातळी खाली गेली की जमीन खचते, तशीच वरून पाणी मुरलं तरीही खचते, कारण ते मातीचे कण धुऊन खालच्या पोकळीत नेतं. तिथली बरीचशी विवरं आता गळक्या जलवाहिन्यांमुळे आणि सांडपाण्याच्या फुटलेल्या नळांमुळे पडतात. त्यामुळे नळाची गळती शोधून ती वेळेवर बुजवणं हे तिथे पाणी वाचवण्याइतकंच जीव वाचवण्याचं काम आहे.