मुंबईच्या जलशुद्धीकरण केंद्रांना क्लोरीन पुरवठा : निविदेची पात्रता, कागदपत्रे आणि प्रक्रिया

सात तलावांतून मुंबईला दररोज येणारे सुमारे ४,००० दशलक्ष लिटर पाणी मुख्यतः भांडुप आणि पांजरापूर येथे शुद्ध होते. नळाच्या पाण्यात किमान ०.२ मिलिग्रॅम प्रतिलिटर मुक्त अवशिष्ट (म्हणजे प्रक्रियेनंतर पाण्यात शिल्लक राहिलेला) क्लोरीन असावा, असे भारतीय मानक १०५०० सांगते. त्यामुळे हे रसायन एक दिवसही संपून चालत नाही, आणि निविदेत सर्वांत कमी दराइतकेच पुरवठ्यातील सातत्य तपासले जाते. दर नीट लावूनही कागदांवर अडकणारे निविदाकार दर वर्षी दिसतात, म्हणून कागदांविषयी थोडे सविस्तर लिहितो.

प्रथम नेमका कोणत्या रूपातला क्लोरीन मागितला आहे ते पाहावे. द्रवरूप क्लोरीनसाठी भारतीय मानक ६४६, ब्लिचिंग पावडरसाठी १०६५ आणि सोडियम हायपोक्लोराइटसाठी ११६७३ लागू होते. एका रसायनाचा अनुभव दुसऱ्यासाठी ग्राह्य धरला जाईल, असे गृहीत धरू नये. उत्पादक थेट निविदा भरू शकतो. वितरकाला भरू दिले असल्यास त्याला उत्पादकाचे प्राधिकारपत्र जोडावे लागते, आणि ते त्याच निविदेच्या क्रमांकाचा उल्लेख करून घेतलेले बरे, कारण जुने सर्वसाधारण पत्र हटकून शंकेत सापडते.

कागदपत्रांत जीएसटी नोंदणी, पॅन, भागीदारीपत्र किंवा कंपनी नोंदणीचा दाखला, सनदी लेखापालाने प्रमाणित केलेली उलाढाल, बँकेचा ऐपतीचा दाखला, पूर्वीच्या पुरवठ्याचे आदेश व ते समाधानकारक पूर्ण झाल्याचे दाखले, स्वाक्षरी करणाऱ्याचे मुखत्यारपत्र आणि काळ्या यादीत नसल्याचे प्रतिज्ञापत्र, हे सारे नेहमीचेच. क्लोरीनच्या बाबतीत खरी कसोटी परवान्यांची असते. सिलिंडर भरणे आणि साठवणे गॅस सिलिंडर नियम, २०१६ खाली येते आणि त्याचा परवाना पेट्रोलियम व विस्फोटक सुरक्षा संघटना देते. माझ्या माहितीतल्या एका पुरवठादाराचा परवाना निविदा उघडण्याच्या आठवड्यातच संपला. नूतनीकरणाचा अर्ज केल्याची पावती त्याने जोडलीच नव्हती, त्यामुळे त्याचे दराचे पाकीट उघडलेच गेले नाही. परवान्यावरची तारीख पुरवठ्याच्या पूर्ण मुदतीशी ताडून पाहावी.

अर्ज ऑनलाइन असतो आणि त्यासाठी डिजिटल स्वाक्षरी प्रमाणपत्र लागते. महापालिकेच्या निविदा साधारणपणे अ, ब आणि क अशा तीन पाकिटांत मागवल्या जातात. दर फक्त ‘क’ पाकिटात भरायचा असतो; पहिल्या दोनांपैकी कुठल्याही कागदावर तो चुकून उमटला, तर निविदा बाद होण्याचा धोका असतो. इसारा रक्कम, म्हणजे निविदेसोबतची अनामत, मुदतीआधी एक-दोन दिवस भरावी, कारण बँकेचा व्यवहार अखेरच्या तासाला अडकला तर ती सबब चालत नाही. सूक्ष्म व लघु उद्योगाला सवलत आहे का, हे निविदेच्या अटींत वाचावे, ऐकीव माहितीवर जाऊ नये. निविदापूर्व बैठकीनंतर निघालेले शुद्धिपत्रक मूळ अटींइतकेच बंधनकारक असते.

दर मंजूर झाल्यावर सुरक्षा ठेव भरून करारनामा होतो आणि मग पुरवठा आदेश निघतो. क्लोरीन बहुधा ९०० किलोच्या टनरमध्ये, म्हणजे मोठ्या सिलिंडरमध्ये, येतो. टनरवर कोरलेले रिकामे वजन आणि दाबचाचणीची तारीख केंद्रावर वाचली जाते, भरलेले वजन काट्यावर घेतले जाते, आणि झडपेजवळ अमोनियाचा बोळा फिरवून गळती तपासतात. पांढरा धूर दिसला तर तो टनर घेतला जात नाही. ब्लिचिंग पावडरीचे दुखणे वेगळे आहे. मुंबईच्या पावसाळी दमटपणात तिच्यातला उपलब्ध क्लोरीन झपाट्याने उतरतो, म्हणून आठवडाभर ट्रकमध्ये पडून राहिलेला माल प्रयोगशाळेत मानकापेक्षा कमी भरू शकतो आणि परत जातो. देयकासोबत माल पोचवल्याचे चलन, काट्याची पावती व चाचणी अहवाल जोडावा. तिन्हींवरचे टनर किंवा गोणींचे क्रमांक जुळले नाहीत, तर देयक लेखा विभागातून परत येते.