किनाऱ्यावरून गळाने समुद्रमासेमारी (खानदेश)

होडी किंवा जाळे न वापरता, काठावर उभे राहून खाऱ्या पाण्यातले मासे गळाने धरणे. जळगाव, धुळे, नंदुरबार या जिल्ह्यांना समुद्र नाही. मात्र इथली तापी सुरतेजवळ अरबी समुद्राला मिळते आणि भुसावळ–सुरत रेल्वेमार्गामुळे तो किनारा खानदेशाला सोयीचा पडतो. इथल्या हौशी माणसाचा हात बहुधा तापी-गिरणेच्या डोहांवर किंवा हतनूरच्या जलाशयावर बसलेला असतो. समुद्रावर तो वाया जात नाही. नव्याने शिकायची ती भरती-ओहोटी.

दोन भरत्यांमध्ये सुमारे १२ तास २५ मिनिटे जातात, म्हणून भरतीची वेळ रोज साधारण ५० मिनिटांनी पुढे सरकते. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास उधाण येते, अष्टमीच्या आसपास भांग, म्हणजे सर्वांत कमी चढ-उतार असतो. मुंबई-कोकणच्या किनाऱ्यावर तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की भरतीची ढोबळ वेळ निघते : अष्टमीला (आठाची पाऊणपट) सहा वाजता. सुरतेजवळच्या खंबातच्या आखातात हा हिशेब चालत नाही. तिथे भरती उशिरा पोचते, म्हणून त्या ठिकाणचे कोष्टकच पाहावे. हे आखात निमुळते आणि उथळ असल्याने भारतात सर्वांत जास्त पाणी इथे चढते-उतरते. ओहोटीला उघड्या पडलेल्या चिखलात पुढे गेलेल्या माणसाच्या मागच्या ओहोळांत आधी पाणी भरते आणि परतीची वाट तुटते. नवख्याने या चिखलात उतरूच नये. सुरुवात कोकणातल्या एखाद्या खाडीच्या धक्क्यावर, जाणत्याच्या सोबतीने केलेली बरी. पाणी चढू लागले की मासा चारा शोधत काठाकडे येतो. गळ तेव्हा टाकावा.

बोय माशांसाठी नदीवरची बांबूची काठी चालते. लाटांपलीकडे फेकायचे तर रीळ (दोरा गुंडाळायची चकरी) लावलेली लांब काठी हवी. तंगुसाच्या (नायलॉनच्या दोऱ्याच्या) टोकाला शिसे आणि त्याच्या थोडे वर, बाजूला बांधलेल्या आखूड दोऱ्यावर गळ, ही मांडणी वाळूच्या तळाला उत्तम. आमिष गांडुळाऐवजी कोळंबीचे. ती शेपटीकडून ओवावी, गळाचे टोक बाहेर ठेवावे आणि बारीक दोऱ्याचे चार वेढे द्यावेत. नाहीतर फेकतानाच ती सुटून जाते.

बोय, ढोमा, शिंगाळा हे मासे नवख्याला मिळतात. तांबोसा आणि जिताडा खडक, खारफुटीजवळ, सरावानंतर. शिंगाळा मात्र जपून हाताळावा. त्याच्या पाठीवर एक आणि दोन्ही कल्ल्यांमागे एकेक दातेरी, विषारी काटा असतो. गळ पकडीनेच काढावा. काटा टोचलाच तर ती जागा सोसवेल इतक्या गरम पाण्यात बुडवून ठेवावी आणि डॉक्टर गाठावा.

मिठाने रीळ लवकर गंजते. ते परतीच्या गाडीत बसण्याआधीच गोड्या पाण्याने धुऊन, पुसून ठेवावे.